यादीत पहिला, पण दोनदा हरलेला: मोठ्या स्पर्धेआधी आकडे मी कसे वाचते

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. मोठी स्पर्धा तीन आठवड्यांवर आली आहे आणि तुमच्या मित्रमंडळात दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, हंगामातल्या सर्वोत्तम आकड्यांच्या यादीत ज्याचं नाव वर, पदक त्याचंच. दुसरा म्हणतो, यादी बाजूला ठेवा, शेवटच्या दोन स्पर्धांत कोण जिंकलं तेवढं बघा. तुमचा आवडता १०० मीटरचा धावपटू १०.०५ पेक्षा कमी वेळ एकदाच देऊन यादीत पहिला बसलाय: ९.९८ सेकंद, वारा पाठीमागून सेकंदाला १.९ मीटर. त्यानंतर तो दोन शर्यती हरला. एकीत १०.०५ मध्ये दुसरा, वारा समोरून ०.९. पाच दिवसांनी १०.१६ मध्ये चौथा, वारा जवळजवळ नाहीच, पाठून ०.२. तुम्ही विचारलंय की प्रशिक्षक म्हणून मी अंदाज कसा बांधते, आणि तोंडावर हरलेला खेळाडू संपला असं समजायचं का.

मी २२ वर्षं मुलामुलींना पळायला आणि लांब उडी मारायला शिकवते आहे. त्यामुळे स्प्रिंट आणि उड्यांबद्दल मी ठामपणे बोलेन. फेकी आणि लांब पल्ल्याच्या शर्यती मी बारकाईने बघते, पण त्यांचा सराव मी घेतलेला नाही. तेवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

तुमचे दोन तट भांडताहेत खरे, पण दोघं एकाच प्रश्नाचं उत्तर देत नाहीयेत. यादी सांगते की सगळं जुळून आलं तर हा खेळाडू कुठवर जाऊ शकतो. शेवटच्या दोन स्पर्धा सांगतात की तो सध्या कसा आहे. मोठ्या स्पर्धेत कस लागतो तो तिसऱ्याच गोष्टीचा. तारीख आपण निवडलेली नसते, वेळ आपली नसते, वारा आपला नसतो, अंतिम फेरीआधी एक-दोन फेऱ्या पायांत उतरलेल्या असतात. अशा वेळी तो किती देऊ शकतो?

म्हणून मी कमाल बघत नाही, किमान बघते. वहीत प्रत्येक खेळाडूचे हंगामातले पाच चांगले आकडे उतरून काढते आणि पाचव्याखाली रेघ मारते. समजा एका लांब उडीवाल्याचे आकडे ८.४१, ८.१२, ८.०५, ८.०२, ७.९८ असे आहेत आणि दुसऱ्याचे ८.२७, ८.२५, ८.२२, ८.२०, ८.१९. यादीत पहिला वर दिसेल आणि चर्चाही त्याचीच होईल. मला विचाराल तर पदकासाठी मी दुसऱ्याचं नाव घेईन. पहिल्याला ती ८.४१ ची उडी पुन्हा सापडायला हवी. दुसऱ्याने नेहमीसारखी उडी मारली तरी काम होतं.

आता आकडा वाचायचा कसा. नुसता आकडा म्हणजे अर्धी नोंद. कुठे, केव्हा, कोणाबरोबर आणि कशा हवेत हे शेजारी लिहिल्याशिवाय मी त्याच्याकडे बघतही नाही.

वाऱ्यापासून सुरुवात करते, कारण तुमच्या प्रश्नाचं मर्म तिथेच आहे. १०० मीटर, २०० मीटर, छोट्या अडथळ्यांच्या शर्यती, लांब उडी आणि तिहेरी उडी यांत पाठचा वारा सेकंदाला २.० मीटरपर्यंत असेल तरच तो आकडा विक्रमासाठी आणि यादीसाठी धरतात. लोक त्यावरून समजतात की २.० च्या आतलं सगळं सारखंच. तसं अजिबात नाही. पुरुषांच्या १०० मीटरमध्ये पाठून एक मीटरचा वारा साधारण ०.०५ सेकंद देतो, आणि समोरून तेवढाच वारा त्याहून थोडं जास्तच काढून घेतो. हा ढोबळ हिशोब आहे, धावपटूच्या बांध्यानुसार थोडा इकडेतिकडे होतो. पण तुमच्या खेळाडूला लावून बघा. पाठच्या वाऱ्यातली ९.९८ शांत हवेत जवळपास १०.०७ किंवा १०.०८ झाली असती. समोरच्या वाऱ्यातली १०.०५ मात्र १०.०० च्या आसपास आली असती. म्हणजे ज्या शर्यतीत तो हरला, ती त्याची या हंगामातली सर्वात चांगली धाव होती! तुमच्या दोन्ही तटांच्या नजरेतून नेमकं हेच सुटलं. एकाने आकडा बघितला, दुसऱ्याने क्रमांक बघितला, वारा कोणीच बघितला नाही.

समुद्रसपाटीपासूनची उंचीही बघावी लागते. हवा विरळ असली की धावणाऱ्याला आणि उडी मारणाऱ्याला अडथळा कमी होतो, म्हणून १००० मीटरच्या वरच्या मैदानांवरचे आकडे वेगळी खूण करून दाखवतात. १९६८ च्या मेक्सिको सिटी ऑलिंपिकमध्ये बॉब बीमनने ८.९० मीटर उडी मारली, तेव्हा मैदान २२४० मीटर उंचीवर होतं आणि वारा बरोब्बर २.० होता. त्याआधीचा विक्रम ८.३५ चा. ती उडी महानच आहे, तिला मी कमी लेखत नाही. पण १९९१ मध्ये टोकियोला माइक पॉवेलने ८.९५ मारली ती समुद्रकाठच्या शहरात आणि जेमतेम ०.३ च्या वाऱ्यात. त्याच संध्याकाळी कार्ल लुइसने ८.९१ मारली होती, पण २.९ च्या वाऱ्यात. हे तीन आकडे एकाखाली एक लिहिले तर फक्त काही सेंटीमीटरचा फरक दिसतो. हवा शेजारी लिहिली की तीन अगदी निराळ्या उड्या दिसतात.

लांब उडीत वारा आणखी एक खेळ करतो, तो बाहेरून दिसत नाही. माझी एक विद्यार्थिनी होती, १६ पावलांच्या रन-अपची. तिचे हंगामातले पाचही चांगले आकडे एकाच मैदानावरचे होते आणि तिथे दुपारी वारा नेहमी पाठूनच वाहायचा. मला ते दिसत होतं, पण आकडे वाढताहेत या आनंदात मी त्याकडे डोळेझाक केली. मुख्य स्पर्धेत वारा समोरून. समोरच्या वाऱ्यात प्रत्येक पाऊल दोन सेंटीमीटरने जरी आखडलं तरी १६ पावलांत ३२ सेंटीमीटर जातात. पहिल्या उडीला तिचा पाय उडी घ्यायच्या पांढऱ्या पाटीच्या जवळजवळ फूटभर मागे पडला. उडी पाय पडला तिथून नाही, पाटीच्या पुढच्या कडेपासून मोजतात, म्हणजे ते फूटभर अंतर वाया गेलं. मी तिला सुरुवातीची खूण पुढे घ्यायला सांगितली. ती घेऊन होते न होते तोच वारा पडला. दुसऱ्या उडीला बुटाचं टोक पाटीच्या पुढे, लाल झेंडा, म्हणजे उडी बाद. तिसऱ्या उडीला ती शेवटच्या चार पावलांत बिचकली, पाटीकडे बघत धावली आणि वेगच राहिला नाही. तीन उड्यांत खेळ आटोपला. यादीत ती दुसरी होती. तेव्हापासून पाच आकडे किमान तीन वेगवेगळ्या मैदानांवरचे असल्याशिवाय मी ते पाच धरत नाही.

फेकींना वाऱ्याची मर्यादाच नाही, त्यामुळे तिथे यादी आणखी फसवी होऊ शकते. थाळीला हलका समोरचा वारा उचलून धरतो, पाठचा वारा दाबतो. अमेरिकेत ओक्लाहोमामधलं रामोना हे मैदान अशा वाऱ्यासाठीच ओळखलं जातं. मिकोलास आलेक्नाने तिथेच एप्रिल २०२४ मध्ये ७४.३५ मीटर फेकून १९८६ पासूनचा ७४.०८ चा विश्वविक्रम मोडला आणि एप्रिल २०२५ मध्ये तिथेच ७५.५६ वर नेला. आता मोठ्या स्पर्धा बघा. पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत आलेक्नाने ६९.९७ फेकली आणि त्याआधी कधीच ७० मीटर न गाठलेल्या जमैकाच्या रोजे स्टोनाने बरोब्बर ७०.०० फेकून सुवर्ण नेलं. तीन सेंटीमीटर! २०२५ च्या टोकियो विश्वस्पर्धेत पावसात भिजलेल्या वर्तुळातून डॅनियल स्टालने ७०.४७ फेकली, आलेक्ना ६७.८४ वर दुसरा. सलग दोन मोठ्या स्पर्धांत रौप्य मिळवणारा हा अस्सल थाळीफेकपटू आहे यात मला शंका नाही. पण चार चांगल्या भिंतींच्या आत, बंदिस्त स्टेडियममध्ये तो ७५ फेकेल असं रामोनाच्या आकड्यावरून धरणं चूक होतं.

भालाफेकीत धावपट्टीचीही बाब येते. २०२१ मध्ये योहानेस फेटर ९० मीटरच्या पुढे सहज फेकत होता, मे महिन्यात त्याने ९६.२९ फेकला होता. टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत ८२.५२, नववा क्रमांक, म्हणजे शेवटच्या तीन फेकीही मिळाल्या नाहीत. त्याची सगळी ताकद पुढचा पाय एकदम घट्ट रोवण्यात आहे, आणि तिथल्या पट्टीवर तो पाय रुतत नव्हता, सरकत होता. नीरज चोप्राने ८७.५८ वर सुवर्ण जिंकलं. नीरजची शैली त्याच पट्टीवर चालली, फेटरची चालली नाही, आणि यादीत हे कुठेच लिहिलेलं नसतं. त्या अंतिम फेरीत पहिल्या तीन फेकींनंतर फक्त आठ जण उरत होते हेही विसरू नका. सहातली एक मोठी फेक काढणाऱ्याला ती पहिल्या तिनांत काढावी लागत होती.

मध्यम आणि लांब पल्ल्याच्या शर्यतींत तर मी हंगामाच्या यादीला सर्वांत कमी किंमत देते. चांगल्या वेळा जिथे येतात तिथे पुढे पेसमेकर, म्हणजे ठरलेल्या वेगाने शर्यत ओढून मध्येच बाहेर पडणारे धावपटू असतात आणि आता ट्रॅकच्या आतल्या कडेला वेग दाखवणारे दिवेही धावतात. मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत यातलं काहीच नसतं. याकोब इंगेब्रिग्टसनने जुलै २०२४ मध्ये मोनाकोला १५०० मीटर ३:२६.७३ मध्ये काढले. तीन-चार आठवड्यांनी पॅरिसच्या अंतिम फेरीत त्याने स्वतःच पुढे राहून पहिली फेरी ५५ सेकंदांच्या आत ओढली आणि शेवटी ३:२८.२४ मध्ये चौथा आला. कोल हॉकरने ३:२७.६५ मध्ये सुवर्ण घेतलं, त्याची त्याआधीची सर्वोत्तम वेळ ३:३०.५९ होती. इंगेब्रिग्टसन २०२२ आणि २०२३ च्या विश्वस्पर्धांतही याच अंतरात शेवटच्या फेरीत मागे पडला होता. ही माहिती यादीपेक्षा जास्त बोलकी होती.

याच्या उलट बाजूचं उदाहरण अविनाश साबळेचं. जून २०२२ मध्ये त्याने ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याच्या खड्ड्यांवरून धावायची शर्यत, ८:१२.४८ मध्ये काढली. जुलैत युजीनच्या विश्वस्पर्धेत शर्यत संथ झाली, विजेत्याचीच वेळ ८:२५.१३, आणि अविनाश ८:३१.७५ मध्ये ११ वा. तेव्हा बरेच जण म्हणाले, हा मोठ्या मंचावर टिकत नाही. तीन आठवड्यांच्या आत बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तो ८:११.२० मध्ये सुवर्णापासून फक्त ०.०५ सेकंदावर होता. खेळाडू तोच, पाय तेच. एक शर्यत शेवटच्या फेरीच्या झटक्यावर ठरली, दुसरी पहिल्यापासून वेगात गेली. म्हणून असा धावपटू निवडताना मी विचारते, अंतिम फेरीत शर्यत कोण ओढणार? उत्तर ‘कोणीच नाही’ असेल, तर यादीतल्या वेळा बाजूला ठेवून शेवटचे ४०० मीटर कोण किती वेगात काढतो तेवढं बघते.

आत्तापर्यंतचं एका वाक्यात सांगायचं तर, आकड्याला वारा, मैदान आणि शर्यतीची जात लावा, पाच आकडे घ्या आणि पाचवा धरा. आता तुमच्या खऱ्या काळजीकडे येते: तोंडावरच्या पराभवाचं काय करायचं?

त्यासाठी सरावाचं चक्र समजून घ्यावं लागेल. मुख्य स्पर्धेच्या चार ते सहा आठवडे आधी आम्ही भार जास्तीत जास्त ठेवतो. जिममधलं वजन, टेकडीवरची धाव, वेगाच्या पुनरावृत्त्या, सगळं. शेवटचे दहा ते चौदा दिवस भार उतरवत आणतो, वेग मात्र तसाच ठेवतो. अंगातला थकवा निघून जातो आणि कमावलेलं वर येतं. म्हणजे तीन आठवडे आधीची शर्यत बहुतेक जण थकलेल्या पायांनी धावतात, आणि ती हरणं हे कधीकधी सराव बरोबर चालल्याचं लक्षण असतं. उलट तीन आठवडे आधी जो चमकतोय, त्याच्याबद्दल मला काळजी वाटते.

हे मी एका मुलाच्या हंगामाची किंमत मोजून शिकले. माझा ४०० मीटरचा एक धावपटू होता. त्याच्या वेळा दर आठवड्याला उतरत होत्या, आयोजकांची बोलावणी येत होती, आणि मी त्याला पाच आठवड्यांत पाच शर्यती पळवल्या. मुख्य स्पर्धेच्या तीन आठवडे आधी त्याने आयुष्यातली सर्वोत्तम वेळ दिली. मी भार वाढवायला हवा होता, पण चाललंय ते बिघडवायचं नाही म्हणून मी हात लावला नाही. मुख्य स्पर्धेत ३०० मीटरपर्यंत तो नेहमीसारखा होता. तिथून त्याचे खांदे कानांपर्यंत वर आले, गुडघे उचलणं थांबलं आणि शेवटच्या ६० मीटरमध्ये तिघे त्याला मागे टाकून गेले. त्याच्या अंगात काहीच शिल्लक नव्हतं, आणि ते मीच संपवलं होतं.

२०२५ मध्ये जागतिक पातळीवर हेच चित्र दिसलं. युलियान वेबरने ऑगस्टच्या अखेरीस झुरिचमध्ये भाला ९१.५१ मीटर फेकला. बरोबर तीन आठवड्यांनी टोकियोत ८६.११ आणि पाचवा क्रमांक. त्याच्या सरावात काय झालं ते मी सांगू शकत नाही, पण तीन आठवडे आधीचा शिखरावरचा आकडा मला नेहमी थोडा सावध करतो.

पराभवाच्या बाजूची उदाहरणं तर भरपूर आहेत. २०१२ मध्ये जमैकाच्या निवड चाचणीत उसेन बोल्ट १०० आणि २०० दोन्ही शर्यती योहान ब्लेककडून हरला. १०० मध्ये ९.७५ विरुद्ध ९.८६, हा काही थोडाथोडका फरक नव्हता. लंडनमध्ये दोन्ही सुवर्णं बोल्टची, १०० मीटर ९.६३ मध्ये. २०१५ मध्ये जस्टिन गॅटलिन हंगामात ९.७४ धावला होता आणि १०० मीटरमध्ये हरला नव्हता. बोल्टची बीजिंगच्या विश्वस्पर्धेआधीची त्या हंगामातली सर्वोत्तम वेळ ९.८७. अंतिम फेरी बोल्ट ९.७९, गॅटलिन ९.८०. आणि तुमच्या खेळाडूसाठी सर्वात जवळचं उदाहरण जमैकाच्या ओब्लिक सेविलचं. पॅरिस ऑलिंपिकच्या १०० मीटर उपांत्य फेरीत त्याने ९.८१ मध्ये अमेरिकेच्या नोआ लाइल्सला मागे टाकलं. दोन तासांच्या आत अंतिम फेरीत ९.९१ आणि आठवा, म्हणजे शेवटचा. उपांत्य फेरीतली वेळ पुन्हा आली असती तर तो कांस्यपदकाच्या रेषेवर असता. ‘दडपणाखाली मोडतो’ असा शिक्का त्याच्यावर बसला. वर्षभराने टोकियोत तो ९.७७ मध्ये विश्वविजेता झाला. असे शिक्के मारताना जरा हात आखडता घ्या, एवढीच माझी तुमच्या मंडळाला विनंती आहे. आठ माणसं दहा सेकंदांच्या आत पोचतात आणि त्यातल्या शेवटच्याला आपण घाबरट म्हणतो, हे मला खरोखर लागतं.

पण सगळेच पराभव सरावाचा थकवा म्हणून सोडून द्यायचे नसतात. दोन्हींत फरक करता येतो, त्यासाठी शर्यतीचं चित्रीकरण बघावं लागतं, आणि तेही एकट्या त्याच्या लेनवर डोळा ठेवून. भाराखालचा धावपटू जड दिसतो. पाय जमिनीवर क्षणभर जास्त राहतो, सुटताना झेप बोथट वाटते, पण धावण्याचा आकार शाबूत असतो, दोन्ही बाजू सारख्या चालतात. दुखरा धावपटू आकार बदलतो. एका बाजूचं पाऊल आखूड पडतं, रेषा ओलांडल्यावर तो नेहमीपेक्षा लवकर थांबतो, मांडीमागे हात जातो. दुसऱ्या दिवशीच्या २०० मीटरमधून नाव काढून घेतो, रिलेत वळणाऐवजी सरळ पट्टी मागतो. यातल्या दोन गोष्टी एकदम दिसल्या की मी पाच आकड्यांची वही मिटते.

माझी पद्धत चुकते तीही इथेच. नीरज चोप्रासारखं सातत्य मी क्वचित पाहिलंय. किमान आकडा बघायचा तर वर्षानुवर्षं त्याचंच नाव पहिलं लिहावं लागलं. तरी २०२५ च्या टोकियोत तो ८४.०३ वर आठवा राहिला, पाठीच्या दुखण्यासह. वही सांगत होती पदक, पाठ सांगत होती नाही. त्याच स्पर्धेत सचिन यादव ८६.२७ या स्वतःच्या सर्वोत्तम फेकीसह चौथा आला आणि २०१२ चा ऑलिंपिक विजेता केशॉर्न वॉलकॉट १३ वर्षांनी ८८.१६ वर विश्वविजेता झाला. दुसरी चूक म्हणजे उसळी घेणारा खेळाडू. पाकिस्तानचा भालाफेकपटू अर्शद नदीम जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्याच डायमंड लीग स्पर्धेत ८४.२१ वर चौथा होता, आणि महिन्याभराने त्याच शहरात त्याने ९२.९७ फेकून ऑलिंपिक विक्रम केला. तो दुखापतीतून परत येत होता आणि ९० च्या पुढे त्याने आधी फेकलेलंही होतं, पण माझ्या वहीतल्या पाचव्या आकड्याने त्याला पदकाजवळही नेलं नसतं. म्हणून अंदाज बांधताना मी शेवटी एक रकाना मोकळा ठेवते: ज्याची जुनी कमाल खूप वर आहे आणि जो हंगामात वर चढतोय, त्याचं नाव त्यात जातं. कोण पदकाबाहेर राहील हे माझी पद्धत बरं सांगते. कोण जिंकेल हे सांगण्यात ती कमी पडते, आणि त्याला माझ्याकडे उपाय नाही.

आणखी एक गोष्ट, तुमच्या यादीत कदाचित आधीच असेल. जिथे निवड चाचणीत पहिले तीन तेच संघात जातात, तिथल्या खेळाडूंना हंगामात दोनदा शिखर गाठावं लागतं. टोकियो ऑलिंपिकमधली ८०० मीटरची विजेती अथिंग मू २०२४ च्या अमेरिकी चाचणीत पडली आणि पॅरिसला तिला त्या शर्यतीत उतरताच आलं नाही. त्यामुळे चाचणीतला आकडा उंच असेल तर तो कशासाठी होता हे विचारा. ज्याला जागा मिळवण्यासाठी जीव टाकावा लागला, त्याचा आकडा आणि ज्याची जागा नक्की होती त्याचा आकडा, यांत फरक आहे.

तर तुमचा धावपटू. त्याच्या पहिल्या पराभवाबद्दल मी वर सांगितलं, ती त्याची चांगली धाव होती. दुसऱ्याबद्दल मला थोडी शंका आहे. पाच दिवसांत शांत हवेच्या हिशोबाने १०.०० वरून १०.१७ पर्यंत घसरण मोठी आहे. दोन स्पर्धांच्या मध्ये लांबचा प्रवास झाला का ते शोधा, आणि ती शर्यत पुन्हा बघा. पहिल्या ३० मीटरमध्येच मागे पडला असेल आणि नंतर तेवढंच अंतर राहिलं असेल, तर मी त्याला थकलेला म्हणेन आणि चिंता करणार नाही. ६० मीटरपर्यंत बरोबर राहून मग तुटला असेल आणि शेवटी एक खांदा खाली झुकला असेल, तर मात्र दुखण्याची शक्यता धरा.

स्पर्धेत हीट, म्हणजे पहिल्या फेरीतली शर्यत, बघताना वेळेकडे बघू नका. हीटमध्ये चांगले धावपटू ७० मीटरनंतर सोडून देतात. तो केव्हा सोडतो आणि कसा सोडतो ते बघा. बाजूला नजर टाकून, खांदे सैल ठेवून सोडत असेल तर अंगात आहे. शेवटपर्यंत दात आवळून धावून दुसरा येत असेल तर नाही. त्यानंतर उपांत्य फेरी, आणि अंतिम फेरीपर्यंत जेमतेम दीड-दोन तास. त्या वेळात कॉल रूममध्ये, म्हणजे शर्यतीआधी खेळाडूंना थांबवून ठेवतात त्या खोलीत, आठ जण एकाच बाकावर शेजारी शेजारी बसलेले असतात, मोबाईल काढून घेतलेले, स्पाइक्सच्या खिळ्यांची लांबी तपासली जातेय, छातीवरचा क्रमांक बघितला जातोय, आणि बोलायला प्रशिक्षक जवळ नाही. मी तिथल्या दारापर्यंत जाऊन परत फिरलेली आहे अनेकदा. बाहेर येताना माझा खेळाडू बुटाची नाडी सोडून परत बांधत होता की नाही, यावरून मला बरंच कळायचं. ज्याने तीन वेळा नाडी बांधली तो स्टार्टला उशिरा सुटायचा.

वाऱ्याचा हिशोब लावून मी त्याचे हंगामातले पाच आकडे मांडले असते, तर माझ्या मते तो यादीत पहिला नाही, तिसऱ्या-चौथ्या जागेवर येतो. म्हणून तुमच्या जागी मी असते तर त्याचं नाव अंतिम फेरीत आजच लिहिलं असतं, आणि पदकासाठी उपांत्य फेरी संपेपर्यंत थांबले असते.